महिला व बालविकास राज्यमंत्र्यांच्या हातात नेमकं काय असतं? नागपूर अधिवेशनात निवेदन द्यायचं आहे

कामठीरोड_ताई:

नमस्कार. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये मुलांसाठी काम करणारा आमचा छोटा गट आहे. यंदा हिवाळी अधिवेशनात महिला व बालविकास राज्यमंत्र्यांना भेटून निवेदन द्यायचं ठरतंय. गटात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, राज्यमंत्र्यांना काही अधिकारच नसतात, थेट कॅबिनेट मंत्र्यांकडे चला. काहींचं म्हणणं, कॅबिनेट मंत्री गर्दीत भेटणार नाहीत, राज्यमंत्री निदान ऐकून तरी घेतील.

आमच्याकडे तीन विषय आहेत.

१. बालसंगोपन योजनेचे (पालक गमावलेल्या किंवा संकटातल्या मुलांना घरीच सांभाळण्यासाठी दरमहा मदत) काही अर्ज मंजूर आहेत, पण बरेच महिने पैसे जमा नाहीत. काही अर्जांवर तर अजून आदेशच झालेला नाही.
२. एक अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते. शौचालय नाही, पाणी बाहेरून आणावं लागतं.
३. एक मुलगी बालगृहात आहे. तिची आजी तिला सांभाळायला तयार आहे, पण ताबा मिळत नाही. राज्यमंत्र्यांनी एक फोन केला तर काम होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं आहे.

यातलं काय राज्यमंत्र्यांकडे न्यावं, काय नेऊ नये? निवेदन कसं लिहावं?

नोटिंग_ड्राफ्टिंग:

ताई, आधी पदाबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

राज्यघटनेत ‘राज्यमंत्री’ हा वेगळा दर्जा कुठेच सांगितलेला नाही. कलम १६३ आणि १६४ फक्त मंत्रिमंडळाबद्दल बोलतात. कलम १६६ खाली राज्यपालांच्या नावाने कार्यनियमावली निघते आणि कामाची वाटणी तिच्यानुसार होते. विभागाचा प्रमुख कॅबिनेट मंत्री. राज्यमंत्र्याला जे अधिकार मिळतात, ते मंत्र्याने काही विषय त्याच्याकडे सोपवले तर, आणि सोपवले तेवढेच. म्हणून ‘राज्यमंत्र्यांना अधिकार आहेत का’ याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तरच नाही. त्या विभागात विषयवाटपाचा आदेश निघालाय का, आणि त्यात काय लिहिलंय, हे बघावं लागतं. हा आदेश माहिती अधिकारात मागता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा अर्जात फक्त हा आदेश मागा. त्यातच बालसंगोपनाचे प्रश्न घालू नका.

फाईलचा रस्ता साधारण असा असतो: सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, सचिव, मग राज्यमंत्री आणि शेवटी मंत्री. सोपवलेला विषय असेल तर राज्यमंत्र्याच्या सहीने फाईल परत फिरते. नसेल तर त्याचा शेरा हे फक्त मत, निर्णय मंत्र्याचा. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही राज्यमंत्री नेहमी बसत नाहीत, आपल्या विषयापुरतं बोलावलं तर जातात.

ही हद्द धूसर राहिली की काय होतं ते जुलै २०२५ मध्ये दिसलं. सामाजिक न्याय विभागात राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांनी आढावा बैठक घेतली, मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर पत्राने हरकत घेतली आणि मिसाळ यांनी पत्रानेच उत्तर दिलं. वाद बैठक घेण्याच्या अधिकारावरच होता. बैठक झाली तरी तिथल्या सूचनेला किती वजन आहे, हे खालच्या अधिकाऱ्याला कळायला हवं. ते कळलं नाही की तो काहीच करत नाही.

आणखी एक. राज्यमंत्र्यांकडे एकच खातं नसतं. सध्याच्या राज्यमंत्री मेघना बोर्डीकर यांच्याकडे महिला व बालविकासाबरोबर सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व स्वच्छता, ऊर्जा आणि सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) ही खातीही आहेत. तुमच्या निवेदनाच्या आधी-नंतर विजेची आणि रुग्णालयांची निवेदनं असणार. एका पानात काय हवंय ते कळलं नाही तर ते ‘योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून खाली जातं, आणि खाली ते कुणाचंच नसतं.

वर्धमाननगर_६७:

माझं मत स्पष्ट आहे, राज्यमंत्री हे पद नसलं तरी काही अडत नाही. २०२२ ते २०२४ शिंदे सरकारात एकही राज्यमंत्री नव्हता. सगळे कॅबिनेट. महिला व बालविकास विभाग चाललाच ना? लाडकी बहीण योजना त्याच काळात आली. ताईंनी वेळ घालवू नये.

बालहक्क_विदर्भ:

विभाग चालला हे खरं. पण मोठी योजना जाहीर होणं वेगळं आणि बालगृहांची तपासणी, समित्यांवरच्या नेमणुका, अनुदानाचे हप्ते ही रोजची कामं वेळेत होणं वेगळं. मुलांचा विषय या दुसऱ्या प्रकारातला आहे. तिथे कुणीतरी दर महिन्याला आकडे घेऊन बसावं लागतं. कॅबिनेट मंत्र्याला ते जमतंच असं नाही, आणि चांगला राज्यमंत्री हेच काम करू शकतो. केंद्रातही बघा. २००६ मध्ये महिला व बालविकास हे स्वतंत्र मंत्रालय झालं, तेव्हापासून २०१४ पर्यंत आधी रेणुका चौधरी आणि मग कृष्णा तीरथ या दोघींनी ते राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) म्हणूनच सांभाळलं. पोक्सो कायदा २०१२ मध्ये त्याच काळात झाला. पण स्वतंत्र कार्यभार म्हणजे वर कॅबिनेट मंत्री नाही, थेट जबाबदारी. आपल्याकडच्या राज्यमंत्र्याची स्थिती तशी नाही, हे नोटिंगभाऊंनी सांगितलंच आहे.

आता ताईंचा तिसरा विषय, कारण तिथे चूक झाली तर मुलीचं नुकसान होईल.

आजीला ताबा: हा विषय कोणत्याही मंत्र्याकडे नेऊ नका. बालगृहातल्या मुलीबद्दलचा आदेश बालकल्याण समितीचा असतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २७ प्रमाणे या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. मंत्र्याच्या फोनवर समितीने मूल सोडायचं नसतं, आणि सोडलं तर तो आदेश टिकणारही नाही. आजीने करायचं ते असं:

समितीपुढे लेखी अर्ज द्यायचा, की मी मुलीची आजी, ताबा मागते. नात्याचा पुरावा, राहत्या घराचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि घरात आणखी कोण राहतं त्याची माहिती सोबत जोडायची. समिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून सामाजिक चौकशी अहवाल मागवते. कलम ३६ प्रमाणे ही चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अपेक्षित आहे. काम बहुतेक इथेच अडकतं. चौकशीला कर्मचारी घरी गेला तेव्हा आजी कामावर होती, कुलूप बघून तो परतला, आणि अहवालात ‘घर बंद आढळले’ एवढंच आलं. म्हणून अर्जावर मोबाईल नंबर आणि घरी असण्याची वेळ ठळक लिहा.

आदेश विरोधात गेला तर प्रमाणित प्रत घ्या आणि कलम १०१ प्रमाणे ३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील करा. मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजतात, प्रत हातात पडली त्या दिवसापासून नाही, तेव्हा प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्या. आजीला वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना लागू नाही. समिती सुनावणीच घेत नाही, वागणूक वाईट आहे अशी तक्रार असेल तर ती ऐकायचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मूळ कायद्यातही तो होता, २०२१ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट झाला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली.

मग मंत्र्यांचा संबंध कुठे येतो? समितीवर माणसं आहेत का, इथे. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. निवड समिती नावं सुचवते, नेमणूक राज्य शासन करतं, आणि ती फाईल विभागातून मंत्र्यांपर्यंत जाते. प्रकरणाचा अंतिम निर्णय देताना किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. दोनच उरले तर मूल हजर करून घेणं वगैरे तातडीचं काम चालतं, पण अंतिम आदेश थांबतात. ताबा, दत्तकासाठी मुक्त घोषित करणं, सगळंच लांबतं. तेव्हा राज्यमंत्र्यांना ‘या मुलीला आजीकडे द्या’ असं सांगू नका. ‘समितीच्या इतक्या जागा अमुक तारखेपासून रिक्त आहेत, नेमणुकीची फाईल कोणत्या टप्प्यावर आहे’ हे विचारा. आधी जागा खरंच रिक्त आहेत का ते तपासा. भरलेल्या असतील तर हा मुद्दा निवेदनात घालूच नका.

नोटिंग_ड्राफ्टिंग:

वर्धमाननगरभाऊ, तुमचं मत ताईंच्या गटातल्या बऱ्याच जणांचं असणार, म्हणून त्यावरही बोलतो. राज्यमंत्र्याचं एक काम असं आहे की ते विषयवाटपावर अवलंबून नाही. सभागृहात उत्तर देणं. विधानसभा आणि विधान परिषद एकाच वेळी चालतात, मंत्री एका सभागृहात अडकले की दुसऱ्यात राज्यमंत्री उभे राहतात. तिथे दिलेलं आश्वासन नोंदलं जातं आणि पुढे आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. बंद खोलीतल्या ‘बघतो’ या शब्दाला ते बळ नाही.

म्हणून ताई, निवेदनाच्या आधी आपल्या आमदारांना गाठा. तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) सूचना अधिवेशन सुरू व्हायच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे डिसेंबरात धावपळ केली तर ती वेळ निघून गेलेली असते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, मात्र अधिवेशन चालू असतानाही देता येते. प्रश्न स्वीकारला गेला की विभाग आयुक्तालयाकडून माहिती मागवतो, आयुक्तालय जिल्ह्याकडून. त्या एका पत्राने जिल्हा कार्यालयातली पडून असलेली फाईल टेबलावर येते. उत्तर छापून यायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं, हे खूपदा दिसतं.

आमदारांना प्रश्न तयार करून द्या. ‘बालसंगोपन योजनेचे पैसे मिळत नाहीत हे खरे आहे काय’ असा मोघम प्रश्न दिला तर ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. जिल्हा, आर्थिक वर्ष, मंजूर लाभार्थी, प्रत्यक्ष पैसे मिळालेले लाभार्थी, प्रलंबित रक्कम आणि विलंबाचं कारण, असे वेगवेगळे उपप्रश्न हवेत.

कामठीरोड_ताई:

दोघांचेही खूप आभार. आजीला उद्याच विधी सेवा प्राधिकरणात नेतो. बालसंगोपनाचं नीट सांगाल का? आमच्याकडे मंजूर झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे अर्ज आहेत. आणि अंगणवाडीचं कुणाकडे न्यायचं? भेटीची जागा आणि वेळ कशी ठरवतात?

बालहक्क_विदर्भ:

दोन्ही प्रकार एकाच यादीत घालू नका. त्यांची अडचण वेगळी, कार्यालयही वेगळं.

योजनेचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. दरमहा २२५० रुपये, वय १८ पूर्ण होईपर्यंत. अर्ज, मग गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश, मग खात्यात पैसे.

आदेश नसलेले अर्ज चौकशीत अडकलेत की समितीपुढे, ते आधी शोधा. कागदांत नेहमी राहून जातं ते म्हणजे आई किंवा वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि पालक व मुलाचा घरासमोर काढलेला फोटो. वडील सोडून गेलेत पण मृत्यू दाखला नाही, अशा घरांची तर फारच अडचण होते. तिथे परिस्थिती सांगणारे इतर कागद आणि चौकशी अहवालातली स्पष्ट नोंद यावरच सगळं ठरतं.

आदेश झालेत पण पैसे नाहीत याची दोन कारणं असतात. एक बँकेचं: मुलाचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं, खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा बराच काळ व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं. हे मंत्र्यांकडे नेण्यात अर्थ नाही, बँकेत जाऊन दुरुस्त करा आणि नव्या पासबुकाची प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या. दुसरं कारण निधीचं. अर्थसंकल्पात तरतूद असते, पण ती बीम्स या शासनाच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर वितरित झाल्याशिवाय जिल्ह्याला कोषागारात देयक लावता येत नाही. जिल्हा कार्यालय ‘निधी प्राप्त नाही’ म्हणतं तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ही मागणी मात्र राज्यमंत्र्यांकडे न्यायची. निधी सोडायचा निर्णय वरचा आहे, तो जिल्हा अधिकारी घेऊ शकत नाही. त्यांच्याकडून ‘निधी मागणीचं पत्र अमुक तारखेला आयुक्तालयाला पाठवलं’ असं लेखी मिळवा. त्या पत्राचा जावक क्रमांक तुमच्या निवेदनात आला की राज्यमंत्र्यांच्या खासगी सचिवाला एका फोनमध्ये सगळं तपासता येतं.

मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व ही वेगळी योजना आहे, दरमहा ४००० रुपये, खर्च केंद्र आणि राज्याचा ६०:४० वाटणीने. निवेदनात तिची आणि बालसंगोपनाची सरमिसळ करू नका, नाहीतर उत्तर भलत्याच योजनेचं येईल.

अर्जदार आई असेल तर आणखी एक दार आहे. महिला लोकशाही दिन जिल्हा पातळीवर दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तालुक्याला चौथ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावा लागतो. ऐनवेळी नेला तर पुढच्या महिन्यावर जातो.

पोषण_पर्यवेक्षण:

अंगणवाडीचं मी सांगते. शहरातल्या अंगणवाड्या नागरी प्रकल्पात येतात. ग्रामीण भागासारखं जिल्हा परिषद आणि तिची महिला व बालकल्याण समिती इथे नसते. पहिला माणूस मुख्यसेविका (अंगणवाड्यांवर देखरेख करणारी), मग बालविकास प्रकल्प अधिकारी, वर नवी मुंबईचं एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालय. पुण्याचं महिला व बालविकास आयुक्तालय वेगळं, त्यांच्याकडे बालगृहं आणि बालसंगोपन. अंगणवाडीचं पत्र पुण्याला पाठवलं की ते फिरत फिरत परत येतं.

खोली बदलायची असेल तर अडचण भाड्याची. शासनाने ठरवलेल्या भाड्यात शहरात शौचालय-पाण्यासह खोली मिळणं फार कठीण आहे. म्हणून ‘भाडं वाढवा’ एवढीच मागणी न ठेवता जवळची महापालिका शाळा, समाजमंदिर, वाचनालय यांतली रिकामी खोली शोधा आणि ती अंगणवाडीला मिळावी म्हणून प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत महापालिकेला पत्र जाऊ द्या. शाळेची पटसंख्या घटलेली असेल तर खोली मिळण्याची शक्यता खरी आहे.

बांधकाम किंवा दुरुस्तीचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतूनही येतो. तिथे महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखीव ठेवायचा शासन निर्णय आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सचिव जिल्हाधिकारी. म्हणजे या कामासाठी तुमचा माणूस पालकमंत्री, राज्यमंत्री नव्हे.

निवेदनात शौचालय आणि पाण्याबरोबर हेही लिहा: पटावरची मुलं किती, रोज येणारी किती, खोलीची लांबी-रुंदी फुटांत, नळ किती अंतरावर, शिजवण्याची जागा मुलं बसतात त्याच खोलीत आहे का. गॅस सिलिंडर आणि तीन वर्षांची मुलं एका खोलीत असतील तर ते पहिल्याच ओळीत यायला हवं.

सिव्हिललाइन्स_वाचक:

भेटीबद्दल. अधिवेशनात कॅबिनेट मंत्री साधारण रविभवनात उतरतात, राज्यमंत्री नागभवनात. विधान भवनाच्या आवारात पास लागतो. नागभवनात सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आधी भेटणं त्यातल्या त्यात सोपं. दुपारी मोर्चे निघाले की मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, झिरो माईलकडचे रस्ते अडवलेले असतात, तेव्हा तिकडून जायच्या भानगडीत पडू नका.

अधिवेशन एक-दोन आठवड्यांचंच असतं, म्हणून पहिल्याच दिवसांत जा. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांचं सामान बांधून होत असतं. चार जणांपेक्षा जास्त नको. निवेदनाच्या तीन प्रती: एक राज्यमंत्र्यांना, एक खासगी सचिवांना, तिसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच. पोच न घेता परत आलात तर पुढे पाठपुरावा कशाचा करणार? अधिवेशन संपलं की तोच क्रमांक घालून स्मरणपत्र मुंबईला नवीन प्रशासकीय भवनातल्या विभागाच्या पत्त्यावर टाका.

बालहक्क_विदर्भ:

पोचेवरून एक महत्त्वाचं आठवलं. निवेदनात एकाही मुलाचं नाव लिहू नका. बालसंगोपनाच्या यादीत अर्ज क्रमांक आणि समितीच्या आदेशाचा क्रमांक-दिनांक पुरेसा आहे. निवेदन देतानाचा फोटो वर्तमानपत्रात जातो, कुणीतरी कागद व्हॉट्सॲपवर टाकतं, आणि मुलांची नावं गावभर होतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही त्यात येतं. मंत्र्यांनी बालगृहाला भेट दिली तरी त्यांच्या सोबतच्या छायाचित्रकारालाही हेच लागू आहे. कुणी मुलांना ओळीत उभं करून फोटो काढायला लागलं तर अधीक्षकांनी तिथेच थांबवायला हवं.

आजीला सोबत घेऊन निवेदन द्यायचा विचार असेल तर तोही सोडा. तिच्यावरून मुलगी ओळखली जाते.

कामठीरोड_ताई:

समजलं. निवेदनात आता दोनच मागण्या ठेवतो: बालसंगोपनाचा निधी, जिल्ह्याच्या पत्राच्या जावक क्रमांकासह, आणि समितीच्या जागा खरंच रिक्त निघाल्या तरच नेमणुका. अंगणवाडीचं पत्र प्रकल्प अधिकाऱ्यांना, प्रत पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. आमदारांसाठी प्रश्नाचा मसुदा रविवारी इथे टाकते, उपप्रश्न कुणीतरी तपासून द्या.

नोटिंग_ड्राफ्टिंग:

टाका, बघून देतो. मसुद्यात आर्थिक वर्ष नक्की घाला आणि विषयात ‘बालसंगोपन’ असं मोघम न लिहिता योजनेचं पूर्ण नाव लिहा.